चार दातांची फणी

कैरवान, ३ मार्च

युसरा बाळा,

अक्षर नीट बघ. घरच्या विणकरणीचं, मबरूकाचं नाही, माझं आहे. साक्षरता वर्गातल्या बाई परवा म्हणाल्या, "मन्नूबिया आजी, आता तुम्ही कुणालाही पत्र लिहू शकता." तशी उठले आणि कागद घेऊन आले. सत्तरी ओलांडल्यावर पहिलं पत्र लिहितेय, तेही कुणी सांगत नसताना. काल मी न्हाव्याची पाटी वाचली, औषधवाल्याची वाचली, खाटकाच्या दुकानातली "उधार बंद" पण वाचली. इतकी वर्षं मला वाटायचं, तिथे काहीतरी पवित्र लिहिलंय.

फोन आहे, माहीत आहे मला. पण फोनवर बोललं की तुझ्या काकूचा कान स्वयंपाकघरातून लांब होतो. म्हणून पत्र शादलीच्या वडापच्या गाडीने पाठवते. पाकिटाला डिंक लावलाय, वर मेणही लावलंय, कारण तो वाटेत पत्रं वाचतो असा माझा संशय आहे. शादली, वाचत असशील तर पुढे वाचू नकोस, घरातलं आहे.

आता कामाचं. तुझा लग्नाचा गालिचा मागावर अर्धा चढलाय. आपल्या घरातून आजवर एकही मुलगी गालिच्याशिवाय गेली नाही आणि तू जाणार नाहीस. पण उरलेला अर्धा अडकला, आणि अडवलाय तुझ्या नौफलने आणून दिलेल्या नव्या कॉम्प्युटरने.

तुला ठाऊक आहे, नमुना माझ्या आईचा. पण तिचा गालिचा नमाजापुरता, आणि तुझा बैठकीच्या खोलीभर. लहानाचा मोठा करताना गाठींचं गणित बिघडतं, म्हणून तुझ्या आजोबांचे भाऊ तय्यिब मास्तर यांनी तो प्रोग्राम बनवला होता. नमुना आत घातला की तो ओळीओळीने सांगतो, इतक्या लाल गाठी, इतक्या निळ्या. मी वाचते, मबरूका बांधते. हल्ली तर मी अक्षरं पण वाचते!

जुना कॉम्प्युटर आता माझ्यासारखा झालाय. थोडं चालला की बसतो, अर्धा पडदा काळा. म्हणून मबरूकाने प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन नव्यात घातला. मी उघडायला गेले तर तो म्हणतो, "हा प्रोग्राम कोणी बनवला ते माहीत नाही. उघडल्यास नुकसान होऊ शकतं."

मी म्हटलं, माहीत नाही म्हणजे? तय्यिब मास्तर! अर्ध्या कैरवानला पाढे शिकवले त्या माणसाने! मबरूका म्हणते, "आजी, तो ऐकत नाही." ऐकत नाही कसा, पहिल्या दिवशी मी खोकले तर पडदा पेटला होता.

काय करू ते लिही. मकरूद पाठवलेत, खजूर भरलेल्या गोड वड्या. बारा आहेत, मोजून घे.

तुझी आजी


ट्युनिस, ८ मार्च

लाडक्या आजी,

पत्र वाचून औषधांच्या दुकानात सगळ्यांदेखत रडले. गिऱ्हाईक म्हणालं, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, आजीला लिहिता यायला लागलं."

मकरूद अकरा मिळाले.

आता तुझ्या कॉम्प्युटरचं. तो तय्यिब आजोबांचा अपमान करत नाहीये. हल्ली प्रोग्राम बनवणाऱ्याला त्यावर सही करावी लागते. आपल्या गालिच्याला कसा सरकारी खात्याचा माणूस येऊन, गाठी मोजून शिक्का मारतो, तसंच. शिक्का नसला की कॉम्प्युटर आधी संशयच घेतो. आजोबांनी प्रोग्राम केला तेव्हा ही पद्धतच नव्हती.

तू असं कर. प्रोग्रामच्या चित्रावर उजवं बटण दाब. यादी येईल, त्यात "उघडा" असेल. परत तीच भीती घालेल, पण खाली बारीक अक्षरात "तरीही उघडा" असेल, ते दाब. फक्त एवढ्याच प्रोग्रामसाठी, आजी. दुसरं काहीही विचारलं तर "हो" म्हणू नकोस. पाया पडते.

नाही जमलं तर नौफल रविवारी येईल. तो तुला सलाम सांगतो.

तुझी युसरा


कैरवान, १५ मार्च

युसरा,

अकरा कसे मिळाले? मी बाराच बांधले होते. शादली, तुझा हिशेब नंतर करते.

तू सांगितलंस तसं उजवं बटण दाबलं. भीती घातली, मी नाही घाबरले. "तरीही उघडा" दाबलं. मग म्हणतो, मालकाचं नाव आणि गुप्त शब्द द्या. मी म्हटलं, मालक मीच की! मन्नूबिया लिहिलं. नाही म्हणाला. मबरूकाने कुठेतरी खुडबुड केली आणि मालकाचं नाव निघालं. कुणाचं? नौफलचं.

माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या विजेवर चालणारा कॉम्प्युटर, आणि मालक तुझा होणारा नवरा! म्हणजे मी काय आहे, भाडेकरू?

तू रागावशील, पण मी जग पाहिलंय. मुलगा गोड बोलतो. तुझ्या आईला "आई" म्हणतो, मला बसायला उशी देतो. पण हम्मामेतला त्याच्या चुलत्याचं गालिच्यांचं दुकान आहे, समुद्राकाठी, परदेशी लोक उतरतात तिथे. आपल्या गल्लीतले किती नमुने अशा दुकानांत गेले आणि यंत्रावर विणून परत आले, ते मला विचार. शेजारच्या सालहाच्या आईचा माशाचा नमुना आज पायपुसण्यावर आहे.

आणि ऐक. काल त्याचा फोन आला. "आजी, रविवारी येतो. प्रोग्राम आधी माझ्याकडे चालवून बघतो, आठवडाभर पेनड्राइव्ह द्याल का? आणि नमुनाही त्यातच घालून द्या, म्हणजे नीट चालतो का ते कळेल." नमुनाही! बघ कसा अलगद आला मुद्द्यावर.

मी "हो बाळा" म्हटलं. अगदी साखरेसारखं म्हटलं. आणि मग आईचं एक काम केलं.

माझी आई कुणाला नमुना द्यायची वेळ आली की त्यात एक खोट घालून द्यायची. गल्लीतल्या सगळ्याच विणकरणी घालायच्या, बोलायचं मात्र कुणीच नाही. उद्या बाजारात तीच खोट दिसली की चोर कोण ते कळलं. तर मी जुना कॉम्प्युटर कसाबसा चालू केला. किनारीतली वरची डावी फणी आठवते? लोकर ठोकायच्या फणीचं चित्र, पाच दातांचं, दृष्ट लागू नये म्हणून पाच. तिचा एक दात मी पुसला. चारच ठेवले. तसा नमुना पेनड्राइव्हवर घातला. खरा नमुना जुन्यात आहे, आणि सगळ्यात खरा बैठकीच्या खोलीत, आईच्या गालिच्यावर.

त्याला सांगू नकोस. सांगितलंस तर मी समजेन की तू आत्तापासूनच तिकडची झालीस.

आजी


ट्युनिस, २० मार्च

आजी,

मी त्याला काही सांगितलेलं नाही. पण तुझं पत्र वाचल्यापासून त्याच्याशी धड बोलवतही नाही. त्याने परवा विचारलं, "आजीचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "तब्येत बरी आहे." माझ्या तोंडून त्याच्याशी खोटं निघालं, ते तुझ्यामुळे.

तुझ्या आशीर्वादाशिवाय मी त्या गालिच्यावर बसणार नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तुला जे काय वाटतं ते एकदाच स्पष्ट सांग. हे फणीचे दात बित काढत बसू नकोस.

युसरा


कैरवान, ७ एप्रिल

युसरा बाळा,

रागावलीस, मला कळलं. पत्र अर्ध्या पानाचं होतं. आता शांतपणे वाच.

नौफल पेनड्राइव्ह घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी परत आला. कॉम्प्युटरसमोर बसला. मी शेजारी खुर्ची ओढली आणि त्याच्या हातांवरून नजर काढली नाही. मी म्हटलं, "काय करतोस ते मोठ्याने सांगत कर, मी आता शिकलेली आहे." हसला आणि सांगत गेला. खरं सांगते, चांगलं सांगितलं.

म्हणाला, "आजी, तुमच्या घराचा मोठा दरवाजा आहे, त्यात छोटा दिंडी दरवाजा आहे. मोठा कधी उघडता?" म्हटलं, वरातीला आणि मयताला. "बरोबर. तर या कॉम्प्युटरचा मोठा दरवाजा मी बंदच ठेवतोय. तय्यिब मास्तरांपुरता दिंडी दरवाजा उघडतो. तेवढ्यातून तेच आत येतील, त्यांच्यामागून दुसरं कुणी येणार नाही." गुप्त शब्द घातला, मी मान वळवायच्या आत घातला. मग म्हणाला, प्रोग्राम जुना, त्याला आजचं जग कळत नाही, म्हणून त्याच्यापुरती जुन्या काळाची एक खोली आत करून देतो. केली बाई. आणि पडद्यावर तय्यिब मास्तरांची ती हिरवी चौकट आली, वर "सुरू करा मुलांनो" लिहिलेलं. पूर्वी ते मला रेघोट्या दिसायचे. आज मी वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पाहिलं नाही, मी नाक शिंकरलं.

म्हटलं, या पोराला मी उगाच बोलले.

आणि तेवढ्यात काय व्हावं! मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर येते तर हा बैठकीच्या खोलीत, आईच्या गालिच्याजवळ गुडघ्यावर बसलाय, आणि बोटाने मोजतोय! किनार मोजत होता, युसरा. मला बघून उठला, कान लाल. मी म्हटलं, "काही सांडलं का?" म्हणाला, "नाही आजी, सुंदर आहे." चहा अर्धा टाकून गेला. पाइन नटचा चहा! अर्धा कोण टाकतं?

त्याच दिवशी जुना कॉम्प्युटर मेला. बटण दाबलं, उसासा टाकला आणि संपला.

आता मी काय करते ऐक. मबरूकाला नव्यासमोर बसवलंय. तिला म्हटलं, पडद्यावर दिसेल तसं बांधत जा, डोकं चालवू नकोस. आणि मी रोज गालिचे बाजारात जाते. दुकानादुकानांतून फणी बघते. लोक विचारतात, "मन्नूबिया, काय हरवलं?" मी म्हणते, "एक दात." त्यांना वाटतं माझा. गुरुवारी शादलीबरोबर हम्मामेतला जाणार, चुलत्याच्या दुकानात. तू काही बोलू नकोस.

आजी


ट्युनिस, ११ एप्रिल

आजी, हम्मामेतला जाऊ नकोस.

मी तुझ्यापासून एक लपवलं. कॉम्प्युटरची किल्ली, म्हणजे तो गुप्त शब्द, नौफलने आपणहून स्वतःकडे ठेवली नव्हती. मी त्याला ठेवायला लावली. जुना कॉम्प्युटर म्हातारपणाने नाही बिघडला. त्यावर "तुम्हाला मोटार लागली, हो दाबा" असं यायचं आणि तू प्रत्येक वेळी हो दाबायचीस. मबरूका म्हणाली, तू त्या मोटारीत कोण कुठे बसणार हेही ठरवलं होतंस. नौफल म्हणाला होता, "आजीला सांगून टाकू." मीच म्हटलं, नको, तिला वाईट वाटेल, तुझं नाव असू दे. तो म्हणाला, "मग शिव्या मला बसतील." मी म्हटलं, बसू देत.

त्या त्याला बसल्या. दोष माझा आहे.

युसरा


कैरवान, २२ एप्रिल

युसरा,

तुझं पत्र शादलीने मला हम्मामेतहून परतताना गाडीत दिलं. म्हणाला, "आधी दिलं असतं तर तुम्ही आला नसता, आणि माझं भाडं बुडलं असतं." म्हणजे आत काय आहे ते त्याला माहीत होतं! आणि जाताना तर सरळ विचारतो, "आजी, चार दातांचीच ना? मीही डोळा ठेवतो." मी इतक्यांवर संशय घेतला, आणि खरा निघाला तो एवढाच एक.

मोटारीचं वाचलं. मी पुढे बसणार होते. असो, ते नंतर.

चुलता उंच माणूस, पांढरी मिशी. मी गिऱ्हाईक म्हणून गेले. दुकानभर फिरले, गालिचे उलटवून मागून पाहिले. चारचा कुठेच नाही. आपला नमुनाच नाही. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्ही विकत घेणाऱ्या नाहीत. विकत घेणारे मागून बघत नाहीत." मग नाव सांगावं लागलं. तर उभा राहिला, खुर्ची दिली, म्हणाला, "नौफल तुमच्याबद्दल सांगतो. मी त्याला म्हटलं होतं, आजींचा नमुना एकदा बघायला मिळाला तर बघ. तर म्हणाला, काका, हे परत बोललात तर लग्नाला बोलावणार नाही." मला चहा घशाखाली जाईना. तरी अर्धा नाही टाकला.

घरी आले. मबरूका खूष होऊन म्हणते, "आजी बघा, किनार पूर्ण! वरच्या ओळीही ठोकून झाल्या." मी बघितलं.

वरची डावी फणी. चार दात.

"मबरूका!" मी ओरडले. "हे काय?"

"पडद्यावर चारच होते."

"तुला आईचा गालिचा माहीत नाही? आयुष्यभर तुडवतेस!"

"तुम्हीच म्हणालात, डोकं चालवू नकोस."

मी लावलेला सापळा, युसरा. मी बाजारभर चोर शोधत फिरत होते, आणि तो दात इथे, माझ्याच मागावर, तुझ्याच गालिच्यात गेला. पोराने पेनड्राइव्ह जसा नेला तसा आणला, एक गाठ हलवली नाही. दात परत लावायचा मीच विसरले.

उसवायचं तर वरच्या सगळ्या ओळी उसवायच्या, लग्नापर्यंत होणार नाही. आणि पाचाची फणी चारची घेऊन नवरी कशी पाठवू? एक विचार त्याला. त्या दिवशी तो मोजत होता, त्याला दिसलं होतं का?

आजी


ट्युनिस, २७ एप्रिल

आजी,

विचारलं. मग म्हणाला, "दिसलं होतं. पेनड्राइव्हवर चार होते, गालिच्यावर पाच. बोललो असतो तर आजी म्हणाल्या असत्या, नमुना एवढा बारकाईने का बघितलास? आणि मी गुपचूप दुरुस्त केला असता तर म्हणाल्या असत्या, नमुन्याला हात का लावलास? म्हटलं, आजींनाच दिसेल." इतके दिवस त्याच्या घशात अडकलं होतं. म्हणतो, चहासुद्धा उतरला नाही.

मग मी त्याला सगळं सांगितलं, खोटेचं, बाजाराचं, हम्मामेतचं. मला वाटलं चिडेल. तो इतका हसला की शेजारणीने भिंत ठोकली. आणि मग म्हणाला, "तरीपण वाईट वाटलं गं."

हे तुला सांगायला हवं, म्हणून लिहिलं.

युसरा


कैरवान, १४ मे

माझ्या युसराला आणि तिच्या नौफलला,

हे पत्र दोघांचं आहे. पाकीट उघडंच पाठवते, मेण संपलं आणि उपयोगही नाही.

नौफल, तू रविवारी येऊन गेलास, काही बोलला नाहीस आणि मलाही बोलू दिलं नाहीस. मी तोंड उघडलं की तू विचारायचास, "आजी, मोटारीचा रंग कोणता?" पण लिहिता येतं म्हणून लिहिते: माझं चुकलं, बाळा. तुला वाईट वाटलं, ते बरोबर वाटलं.

कॉम्प्युटरचं मालकपण तू माझ्या नावावर करून गेलास. मी तो मोठा दरवाजा अजून उघडलेला नाही. काल पडद्यावर आला एक जण, म्हणे जाहिरात, म्हणे हो दाबा. मी मबरूकाला बोलावलं, दोघींनी मिळून "नाही" दाबलं आणि चहा प्यायला बसलो. गुप्त शब्द इथे लिहीत नाही. शादली, शोधू नकोस.

परवा खात्याचा माणूस मबरूकाच्या विकायच्या गालिच्याला शिक्का मारायला आला. युसरा, तुझाही पाहिला त्याने मागावर. हात फिरवला, मागून पाहिला, म्हणाला, "आजी, काम पहिल्या प्रतीचं, पण ही फणी चुकली. याला पहिला शिक्का देता येणार नाही." मी म्हटलं, "मागितला कुणी? कुणी विणला ते घरात सगळ्यांना माहीत आहे."

मबरूका म्हणत होती, दात सुईने भरता येईल. मी नको म्हटलं. काल ताणा कापला, गालिचा खाली उतरवला, अंगणात पसरून आम्ही दोघी त्यावर आडव्या झालो. मोठा आहे बाई! तय्यिब मास्तरांचं गणित एका गाठीने चुकलेलं नाही.

युसरा, लग्नाच्या दिवशी तुम्हा दोघांना त्यावर बसवतील. तू मधे बस. नौफलला वरच्या डाव्या कोपऱ्यात बसव, फणीजवळ, जिथे जागा रिकामी आहे तिथेच. पाचवा दात तो.

गालिचा शादलीबरोबरच पाठवते आहे. शादली, टपावर टाकू नकोस, आत घे. मकरूद पण आहेत, बारा. एक तुझा.

तुमची आजी